सतरा नंबरची खुंटी

धास्तीकाकांना धास्तीकाका हे नाव कुणी ठेवलं यावर वाद आहे. का ठेवलं यावर नाही. कामावर निघाले की ते जिन्यावरून तीनदा परत यायचे. एकदा गॅसचं बटण बघायला, एकदा नळ बघायला आणि तिसऱ्यांदा, पहिल्या दोन वेळी आपण नीट बघितलं होतं का ते बघायला. घरात बायको जागी, शुद्धीवर, खिडकीशी बसलेली असायची. तिला डोळे आहेत, नळ तिलाही दिसतो, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

काम मात्र त्यांच्या स्वभावाला शोभेल असंच मिळालं होतं. शहरातल्या जुन्या नाट्यगृहाच्या दाराशी सामान ठेवायची एक खिडकी आहे. आत पिशव्या, हेल्मेटं, छत्र्या न्यायला बंदी, म्हणून लोक त्या तिथे देतात आणि पितळी बिल्ला घेऊन आत जातात. मागच्या भिंतीवर एकशेवीस खुंट्या, प्रत्येकीवर नंबर. धास्तीकाकांनी तीस वर्षं तिथे उभं राहून काढली आणि एकाची छत्री दुसऱ्याला कधी गेली नाही. बिल्ला दिल्यावरही ते खुंटीकडे दोनदा वळून बघत. मॅनेजर म्हणायचा, "काका, छत्री आहे ती, पळून जाणार नाही." काका म्हणायचे, "तेही खरंच," आणि पुन्हा बघायचे.

बायको रफू करायची. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की गिऱ्हाईक आपलाच कोट हातात घेऊन भोक कुठे होतं ते शोधत बसे. कामात ती जितकी बारीक, तितकीच मनाने बिनधास्त. कुणी विचारलं तर म्हणायची, "आमच्या घरात काळजी करायचं काम ह्यांच्याकडे आहे. मी कशाला त्यात हात घालू?" हे ती चेष्टेने म्हणायची, पण चाललं होतं खरंच तसं. तिला दोन शिंका आल्या की काका तिला डॉक्टरकडे ओढत न्यायचे. गल्लीतला डॉक्टर त्यांना दारात बघून हात जोडायचा. सत्तावीस वर्षांत तिला स्वतःहून दवाखान्याची पायरी चढावीच लागली नाही.

त्रास झाला तो लेकीला. ती दुसऱ्या शहरात रंगांच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत नोकरीला लागली आणि काकांचा जीव जो टांगणीला लागला तो खाली उतरेचना. दिवसातून चार फोन. एकदा तिने दोन तास फोन उचलला नाही, तर ह्यांनी कारखान्याच्या फाटकावर फोन लावला आणि पहारेकऱ्याला असं काही घाबरवलं की तो धावत आत गेला आणि साहेबांसमोर चाललेली तपासणी थांबवून ओरडला, "तुमच्या बाबांचा फोन आहे, तुम्ही जिवंत आहात का विचारतायत!" सगळी खोली हसली. संध्याकाळी लेकीने स्वतः फोन केला. रडत नव्हती, हेच वाईट.

"बाबा, यापुढे रविवारी एकदा. मधे केलात तर मी नंबर बदलेन. आईची शपथ."

काकांनी दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी नाट्यगृहात स्मृतिसम्राट आले.

हे त्यांचं पाटीवरचं नाव. तीन आठवड्यांचे खेळ होते. प्रेक्षकांनी वाट्टेल ते शंभर शब्द ओरडायचे – कात्री, घोडा, सासूबाई, कोपऱ्यावरचं पोस्ट – आणि सम्राटांनी डोळे मिटून ते ओळीने म्हणायचे, मग उलटे म्हणायचे, मग कुणी त्रेसष्टावा विचारला तर त्रेसष्टावा सांगायचा. माणूस साठीचा, केस रंगवलेले, स्टेजवर आवाज घुमणारा आणि खाली उतरला की सर्दी झाल्यासारखा. रंगपटातला पंखा बिघडलेला असल्यामुळे ते दुपारी खिडकीमागच्या काकांच्या खोलीत येऊन बसू लागले. सगळे त्यांना एकच प्रश्न विचारत: एवढं लक्षात कसं राहतं? काकांनी चौथ्या दिवशी भलताच विचारला.

"सम्राट, कालचे शंभर आज कुठे जातात हो?"

सम्राटांनी चहाचा कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं खेळ करतोय. हे कुणी विचारलं नव्हतं."

"नाही, म्हणजे माझं तर सगळं इथेच असतं," काका कपाळावर बोट ठेवून म्हणाले. "लहानपणी आई आजारी पडली तेव्हाची काळजीसुद्धा अजून आहे. आई जाऊन वीस वर्षं झाली."

सम्राट हसले नाहीत. त्यांनी भिंतीकडे बघितलं. "तुमच्याकडे आहेत तशाच खुंट्या माझ्याकडे आहेत. इथे, आत. शब्द आला की खुंटीला लावतो, नंबर देतो. खेळ संपला की एकेक खाली काढतो, बघतो, ज्याचा त्याला परत देतो. भिंत मोकळी. दुसऱ्या दिवशी नवे शंभर. काळजीचंही असंच करता येतं. मी करतो. नाहीतर चौदाव्या नंबरला घोडा लावताना बायकोचं दुखणं आठवलं की घोडा गेलाच की."

आणि मग त्यांनी शिकवलं. काळजी आली की तिच्याशी भांडायचं नाही, हाकलायचं नाही. गिऱ्हाईक आल्यासारखं "या" म्हणायचं. काय आहे ते एका वाक्यात म्हणायचं, खुंटी ठरवायची, लावायची, बिल्ला द्यायचा आणि सांगायचं, चार वाजता या. दिवसभर ती कितीदाही आली तरी एकच उत्तर: चार वाजता. चारला मात्र खिडकी उघडायची. प्रत्येक काळजी खाली काढायची, हातात घ्यायची, बघायची. काही करण्याजोगं असेल तर उठून करायचं. नसेल तर उद्यासाठी परत लावायची.

"चारची वेळ चुकवायची नाही हं," सम्राट दोनदा म्हणाले. "सगळी गंमत त्यात आहे. न उघडणाऱ्या खिडकीला कोण सामान देईल?"

काकांनी मान हलवली. हे वाक्य त्यांनी ऐकलं, हे मी त्यांच्या बाजूने नाही तर त्यांच्याविरुद्ध सांगतोय.

पहिले आठ दिवस घामाघूम होऊन गेले. लेक सकाळी उठली असेल का? एक नंबर. जेवली असेल का? दोन नंबर. कारखान्यात आग लागली तर? तीन. बिल्ल्यांचा सराव तीस वर्षांचा होता, म्हणून हे त्यांना कुणाहीपेक्षा लवकर साधलं. महिन्याभरात ते जिन्यावरून एकदाच परत यायला लागले, मग एकदाही नाही. रविवारी लेकीला फोन केला तर तिच्या नोकरीवर, तिथल्या हवेवर, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या घोरण्यावर दहा मिनिटं बोलले आणि "बरंय, ठेवतो" म्हणाले. लेकीला खरं वाटेना. तिने आईला वेगळा फोन करून विचारलं, "बाबांना बरं आहे ना?"

बायको म्हणाली, "आहेत की. घोडे विकून झोपतात."

चारची खिडकी तीन महिने नेमाने उघडली. चहा घेऊन काका खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि एकेक काळजी उतरवायचे. पण काळजी सकाळी येते तेव्हा वाघ असते आणि चार वाजता बघावं तर मांजर. आग लागलेली नसायची. लेक जेवलेली असायची. हळूहळू काकांना त्या पंधरा मिनिटांचा कंटाळा यायला लागला. नाट्यगृहाचा एक नियम होता: तीन महिने कुणी न्यायला आलं नाही, तर ते सामान मॅनेजर गोणीत भरून बाहेर काढायचा. काकांनी तोच नियम आत लावला. लावायची, बिल्ला द्यायचा, विसरायची. आपोआप जाते तर उतरवायची कशाला? सम्राटांच्यापेक्षा आपण एक पायरी पुढे गेलो असं त्यांना वाटलं, आणि या वाटण्याचं त्यांना कौतुकही होतं. मॅनेजरला त्यांनी ते हसत हसत सांगितलं.

बायकोने पहिल्यांदा सांगितलं ते याच सुमारास. संध्याकाळी काका रात्रीच्या खेळाला निघायला चपला घालत होते. ती दिव्याकडे बघत म्हणाली, "अहो, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय मला. आणि भुवई ठणकते इथे."

सहा महिन्यांपूर्वीचे काका असते तर ती चप्पल तशीच राहिली असती आणि दहा मिनिटांत दोघं डॉक्टरच्या दारात उभी असती. आत्ताही त्यांच्या काळजात धस्स झालं. झालं नाही असं नाही. पण त्यांनी त्या धस्सला "या" म्हटलं, एका वाक्यात बसवलं – बायकोला दिव्याभोवती कडं दिसतं – आणि सतरा नंबरच्या खुंटीला लावलं. वर म्हणाले, "मोतीबिंदू असेल गं. तो पिकू द्यावा लागतो. पिकला की काढतात."

"हो का?" ती म्हणाली आणि भुवईला बाम चोळून कामाला बसली.

बिल्ला घेऊन सतरा नंबर पुन्हा पुन्हा आला. एकदा तिने काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने रफू केलं आणि गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. काका हसले, म्हणाले, "म्हातारी झालीस." एकदा दाराच्या चौकटीला तिचा उजवा खांदा आपटला. मग ती सुई ओवायला वेळ लागतो म्हणाली, तर काकांनी रोज सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायला सुरुवात केली. पाच काळ्या, तीन पांढऱ्या, दोन करड्या. किती प्रेमाने! दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून, चिमटीत पिळून, एकेक. शेजारीण म्हणाली, नवरा असावा तर असा. त्या सुया ओवताना, आपण या का ओवतोय, हा प्रश्न मनात आला की काका त्याला सांगायचे, चार वाजता. आणि चार वाजता ते वर्तमानपत्र वाचायचे.

लोक अक्कल खुंटीला टांगतात हे मी बोलताना ऐकलं होतं. नंबर देऊन टांगलेली मी ही पहिलीच बघितली.

कळलं ते अगदी साध्या गोष्टीने. काका कामावरून लवकर आले, दार उघडंच होतं, ती खिडकीशी बसलेली. ते तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. हातभर अंतरावर. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि त्यांची वाट बघत होती. बराच वेळ ते तसेच उभे होते. शेवटी ती स्वतःशीच म्हणाली, "आज उशीर झाला वाटतं." तेव्हा एकशेवीसच्या एकशेवीस खुंट्या एकदम भिंतीसकट खाली आल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला, यंत्रात बघायला लावलं, पुन्हा बघायला लावलं. मग खुर्ची काकांकडे वळवली.

"मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. उजवा गेला. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतंय."

"पिकल्यावर काढतात ना?" काकांनी विचारलं. त्यांनाही तो प्रश्न मूर्खासारखा वाटला, पण तोंडातून गेला.

"काढायचं काय? आतली नसच सुकलीय. गेलेली नजर परत येत नाही हो. उरलीय ती टिकवू. सहा-सात महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. कडी दिसतात, भुवई दुखते, असं काही म्हणत नव्हत्या का घरात?"

बायको म्हणाली, "म्हटलं असेन एखाद्या वेळी. मलाच काही वाटलं नाही." तिने त्यांना वाचवलं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला तिचा राग आला होता, अजूनही येतो.

घरी जाताना ती त्यांच्या दंडाला धरून चालत होती. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर, जणू बाजारातलं काही सांगावं तशी ती म्हणाली, "खरं सांगू का, मी वाट बघत होते. तुम्ही आता ओरडाल, मग ओरडाल. मला शिंक आली तरी तुम्ही डॉक्टर गाठायचात. कडं दिसतं म्हटलं तर तुम्ही शीळ घालत कामावर गेलात. मी म्हटलं, हे गप्प आहेत म्हणजे नक्कीच काही नसेल."

काका रस्त्याच्या कडेला खाली बसले. लोक बघत होते. ती उभी राहून त्यांच्या डोक्यावर हात फिरवत म्हणत होती, "उठा हो, काळजी करू नका." इतक्या वर्षांत तिने त्यांना हे हजारदा सांगितलं असेल. त्यांनी ऐकलं ते नेमकं त्या एका वर्षी.

लेक आली. चार दिवस राहिली, आईला डोळ्यांत थेंब घालायला शिकवलं, सुया-दोरे एका डब्यात भरून माळ्यावर ठेवले. बाबांशी ती भांडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं नाही, बाबा? तुम्हाला तर सगळं आधी कळायचं." काका म्हणणार होते की तुझ्यासाठीच शिकलो होतो गं. ते त्यांनी गिळलं. त्याबद्दल तरी त्यांना मानलं पाहिजे.

दीड वर्षाने सम्राट पुन्हा आले. केस जास्तच काळे झाले होते. पहिल्या दिवशी दुपारी ते खिडकीशी आले, ओली छत्री पुढे केली आणि बिल्ल्यासाठी हात पसरला. काकांना त्यांनी ओळखलं नाही. शंभर शब्द उलटे म्हणणारा माणूस तीन आठवडे ज्याच्या खुर्चीत बसून चहा प्यायला त्याला ओळखेना. काकांनी छत्री घेतली, सतरा नंबरला लावली आणि सतराचा बिल्ला दिला.

त्या खोलीची भिंत स्टेजला लागून आहे. सगळं ऐकू येतं. मध्यंतरानंतर सम्राटांचा घुमणारा आवाज आला. "मित्रहो, एका नाट्यगृहात मला एक सामानवाले काका भेटले. दिवसातून वीस वेळा कुलूप बघणारे. मी त्यांना फक्त एक गोष्ट शिकवली..." खुंट्या आल्या, बिल्ले आले, वाघ आणि मांजर आलं. हे वाघ-मांजर काकांनीच त्यांना पत्रातून कळवलं होतं, चांगल्या दिवसांत, आभार मानताना. "आज तो माणूस शीळ घालत कामाला जातो!" टाळ्या अशा पडल्या की पितळी बिल्ले पेटीत किणकिणले.

खेळ सुटल्यावर सम्राट छत्री घ्यायला आले. मागे रांग होती. काकांनी छत्री दिली नाही.

"ते सामानवाले काका मीच."

"अरे!" सम्राटांचा चेहरा फुलला. ते रांगेकडे वळले. "बघा, हेच ते! मग, कसं काय चाललंय?"

"बायकोचा एक डोळा गेला. मी तिची काळजी खुंटीला लावली आणि उतरवली नाही."

रांगेतली एक बाई हसता हसता थांबली. सम्राटांचा आवाज एकदम सर्दी झाल्यासारखा झाला. "पण चारची वेळ मी सांगितली होती. सांगितली होती ना?"

"सांगितली होती. दोनदा."

"पाळली नाहीत?"

"नाही."

"मग," सम्राट म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला सुस्कारा काकांना स्पष्ट ऐकू आला, "मग तंत्रात खोट नाही." त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला, फार वाईट झालं म्हणाले, खरंच ओलावल्या डोळ्यांनी म्हणाले, छत्री घेतली आणि गेले.

काकांना राग येईना, हीच पंचाईत. शिव्या द्यायला जागाच ठेवली नव्हती त्या माणसाने. सगळं बरोबर सांगितलं होतं. अर्धवट शिकलो ते आपणच.

पण एक आशा त्यांनी धरली होती. उद्या तो ती गोष्ट सांगणार नाही. निदान सांगताना अडखळेल. दुसऱ्या दिवशी मध्यंतर झालं, काका भिंतीला कान लावून उभे राहिले. "मित्रहो, एका नाट्यगृहात मला एक सामानवाले काका भेटले." तोच आवाज, तीच शीळ. एक शब्द हलला नव्हता. कालचे शंभर परत देऊन झाले होते आणि त्यात काकांची बायकोही गेली होती. भिंत मोकळी.

काकांनी घरी फोन लावला. हल्ली ते दर तासाला लावतात. बायको दुसऱ्याच घंटेला उचलते. पूर्वी ती चिडायची, "मला कामं आहेत हो" म्हणायची. आता चिडत नाही.

"थेंब घातलेस?"

"घातले."

"डाव्यात?"

"दोन्हीत घालते. उजव्याला वाईट वाटायला नको." ती हसली. मग म्हणाली, "टाळ्या कसल्या चालल्यात एवढ्या?"

"सम्राट गोष्ट सांगतायत. एका माणसाची काळजी घालवली म्हणे त्यांनी."

"कुणाची काळजी?"

काकांनी भिंतीकडे बघितलं. एकशेवीस खुंट्या भरलेल्या होत्या, पिशव्या, हेल्मेटं, छत्र्या, सगळं आपापल्या जागी. लोक येतील, बिल्ला देतील, आपलं घेऊन जातील.

"तुझी," ते म्हणाले.